घरचें आरोग्य : डोळ्यांतील वेल आणि तिची शस्त्रक्रिया

डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यांतून एक तांबूस, त्रिकोणी, मांसल पात बुबुळाकडे सरकत चाललेली पुष्कळांनीं आपल्या घरांतील वडील माणसांच्या डोळ्यांत पाहिली असेल. हिला कोणी वेल म्हणतात, कोणी वडस म्हणतात, तर कोणी नुसतें ‘डोळ्यांत मांस वाढलें’ एवढेंच सांगतात. पाश्चात्य वैद्यकांत हिचें नांव टेरिजियम. हा शब्द मूळ ग्रीक भाषेंतील असून त्याचा अर्थ ‘लहानसा पंख’ असा आहे. आपल्या प्राचीन वैद्यकांत हिला ‘अर्म’ अशी संज्ञा आहे. ग्रीकांना ती पंखासारखी दिसली, आपल्या लोकांना वेलीसारखी; आणि या दोहोंत आपलेंच नांव अधिक सार्थ आहे, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. कारण पंख एकदां छाटला म्हणजे संपला. वेल मात्र नुसती खुडल्यानें पुन्हां चढते. या विकाराच्या शस्त्रक्रियेंतील खरी अडचण हीच आहे.

प्रथम ही वेल म्हणजे काय, हें पाहूं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक, ओलसर त्वचा पसरलेली असते. पापणी उलटून पाहिल्यास तिच्या आंतल्या बाजूसहि तीच त्वचा दिसते. बुबुळावर कांचेसारखा जो स्वच्छ पडदा असतो, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. या कॉर्नियाच्या कांठाशीं येऊन ती त्वचा थांबते. कांठावर कांहीं मूळ पेशींची जणूं चौकीच बसलेली असते. त्या पेशी शाबूत आहेत तोंपर्यंत पांढऱ्या भागावरील त्वचेला व तिच्यांतील रक्तवाहिन्यांना ती सीमा ओलांडतां येत नाहीं. ही चौकी एखाद्या ठिकाणीं दुबळी पडली, म्हणजे तेथून ती त्वचा रक्तवाहिन्यांसह कॉर्नियावर चढूं लागते. हीच ती वेल. ती घातक गांठ नव्हे. ती शरीरांत इतरत्र पसरत नाहीं व जिवाला तिच्यापासून धोका नसतो. तथापि ती जेथें चढते ती जागा म्हणजे आपल्या दृष्टीची खिडकी होय, आणि म्हणूनच तिची उपेक्षा करून चालत नाहीं.

येथें एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. ‘डोळ्यावर पडदा आला’ असें आपण मोतीबिंदूलाहि म्हणतों व या वेलीलाहि म्हणतों. परंतु मोतीबिंदु डोळ्याच्या आंत, नैसर्गिक भिंगांत होतो. वेल डोळ्याच्या पृष्ठभागावर वाढते. मोतीबिंदु समोरून पाहणाऱ्यास पुष्कळदां कळतहि नाहीं. वेल आरशांत स्वतःची स्वतःला दिसते. तसेंच, पांढऱ्या भागावर बुबुळालगत जो पिवळसर उंचवटा कित्येकांच्या डोळ्यांत असतो, तोहि वेल नव्हे. तो आपल्या जागीं राहतो, कॉर्नियावर चढत नाहीं व बहुधा त्याला कांहीं करावें लागत नाहीं.

ही वेल उगवते कशानें? अगदीं पहिलें कारण अद्याप सर्वस्वीं उलगडलेलें नसलें, तरी मुख्य दोष उन्हाकडे, विशेषतः त्यांतील अतिनील किरणांकडे जातो, याविषयीं आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. माल्कम कॅमेरॉन यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जगभर हा विकार कोठें कोठें आढळतो याचा विचार केला, तेव्हां विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारे ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यांत तो विशेष असल्याचें दिसून आलें. आपला महाराष्ट्र या पट्ट्याच्या अगदीं पोटांत येतो. ऊन, धूळ व वारा यांत ज्यांचा दिवस जातो त्यांना ही वेल अधिक होते. शेतांत राबणारा कुळंबी, समुद्रावर जाणारा कोळी, मिठागरांत पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशींपुढें दिवसभर उभा असणारा आगरी, यांच्या डोळ्यांना वरून ऊन लागतें आणि खालून पाण्यावरून व मिठावरून परतलेलें ऊनहि लागतें.

मग ती बहुशः नाकाकडच्याच बाजूनें कां यावी? या प्रश्नाचें मोठें मार्मिक उत्तर सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनीं १९९३ सालीं सुचविलें. कानशिलाच्या बाजूनें तिरपें येणारें ऊन कॉर्नियांतून शिरतें व कॉर्निया भिंगासारखा वक्र असल्यामुळें तें पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कांठावर एकवटतें. लहानपणीं भिंगानें ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळण्याचा खेळ आपण खेळलेलों आहोंत. त्याचाच हा सौम्य पण वर्षानुवर्षें चाललेला प्रकार समजावा. उलट बाजूनें येणारें ऊन नाकाच आडवें आल्यामुळें अडतें, म्हणून बाहेरचा कांठ बहुधा वांचतो.

आतां, वेल दिसली कीं लगेच कापावी काय? नाहीं. पुष्कळ वेली थोड्या वाढून वर्षानुवर्षें तेथेंच थांबतात. डोळा कोरडा वाटणें, खुपणें, वाऱ्यांत लाल होणें, एवढ्याच तक्रारी असतील तर डॉक्टरांनीं दिलेले ओलावा राखणारे थेंब व उन्हापासून बचाव इतकें पुरतें. केवळ आरशांत बरी दिसत नाहीं म्हणून घाईनें कापविलेली लहानशी वेल पुन्हां उगवली, तर ती पहिलीपेक्षां जाड, लाल व हट्टी असण्याचा संभव असतो. विशेषतः तरुण वयांत ती पुन्हां येण्याचें भय अधिक. म्हणून तरुण मुलामुलींच्या बाबतींत लग्न जमविण्याच्या घाईनें हा निर्णय घेऊं नये.

परंतु घाई नको याचा अर्थ दिरंगाई करावी असा नव्हे. आणि आपल्या घरांतून होते ती बहुधा दिरंगाईच. कॉर्नियाची आडवी रुंदी सुमारें १२ मिलिमीटर असते. म्हणजे त्याच्या कांठापासून मधल्या काळ्या बाहुलीच्या कडेपर्यंतचें अंतर अवघें चार मिलिमीटरांच्या आसपास भरतें. वेल तीन मिलिमीटर आंत आली म्हणजे ती दृष्टीच्या उंबरठ्याशीं आली, असें समजावें. शिवाय बाहुलीपर्यंत पोंचण्यापूर्वींच ती दुसऱ्या मार्गानें दृष्टि बिघडवीत असते. ती कॉर्नियाचा आकार बदलते व तो आडव्या दिशेनें सपाट होतो. त्यामुळें चष्म्यांत ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात तो वाढतो. दर वर्षी चष्मा बदलूनहि अक्षरें पुसट दिसत असतील, तर दोष चष्मेवाल्याचा नसून या वेलीचा असूं शकतो. वेल मोठी व ताठर झाल्यास डोळा बाहेरच्या बाजूस पुरता फिरत नाहीं आणि एकाचे दोन दिसूं लागतात. यांपैकीं कांहीं घडूं लागलें, किंवा वेल दर तपासणीस पुढें सरकतांना आढळली, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ आली.

येथें एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. वेल बाहुलीवर पसरेपर्यंत थांबून मग ती काढली, तर वेल जाते पण तिच्याखालीं कॉर्नियावर पडलेला धुरकट व्रण राहतो. कांचेवर चिकटलेला कागद खरवडून काढला तरी कांच पूर्ववत् स्वच्छ होत नाहीं, तसाच हा प्रकार. ‘या वयांत आतां कशाला शस्त्र लावावयाचें’ असें म्हणून घरांतील आजी किंवा काकू जी वर्षें लोटतात, त्या वर्षांची किंमत पुढें त्यांच्या वाचनाला, शिवणाटिपणाला व जिना उतरण्याला मोजावी लागते.

मोतीबिंदु व वेल हीं दोन्हीं एकाच डोळ्यांत असलीं, तर बहुधा मोठी वेल आधीं काढावी लागते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत बसवावयाच्या भिंगाचा नंबर ठरविण्याकरितां कॉर्नियाची वक्रता मोजतात. ती वक्रताच वेलीनें बिघडविलेली असेल तर नंबर चुकतो. वेल काढल्यानंतर कॉर्निया स्थिर होण्यास कांहीं आठवडे, कधीं दोनतीन महिनेहि द्यावे लागतात. दोन्हीं एकाच दिवशीं उरकून टाकण्याचा आग्रह घरच्यांनीं धरूं नये.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अर्माचे पांच प्रकार सांगितलेले असून पंधराव्या अध्यायांत त्याच्या छेदनाचा विधि दिलेला आहे. मिठाच्या चूर्णानें अर्म प्रथम क्षुब्ध करावें, रोग्यास कानशिलाच्या बाजूस पाहावयास सांगावें, वळी पडेल तेथें आंकडा लावून तें उचलावें, मंडलाग्र नांवाच्या शस्त्रानें बुबुळापासून व पांढऱ्या भागापासून सोडवीत कोपऱ्याकडे आणावें व मग कापावें. मात्र कोपऱ्याशीं चौथा हिस्सा ठेवावा, असें तेथें सांगितलें आहे. याचें कारणहि ग्रंथकारानें दिलें आहे. अधिक कापल्यास कोपऱ्याला इजा होऊन रक्तस्राव होतो किंवा नाडीव्रण जडतो, आणि कमी कापल्यास अर्म लवकरच पुन्हां वाढतें. आजचा नेत्रविशारद सूक्ष्मदर्शकांतून पाहून हींच दोन भयें मनांत बाळगीत असतो. बधिर करणारें औषध त्या काळीं नव्हतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या वैद्यांच्या हाताचें व त्या रोग्यांच्या धैर्याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो, हें व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनीं १८८४ सालीं दाखवून दिलें. तोंवर डोळ्यावरील शस्त्र बहुधा जागेपणीं, वेदना सोसूनच करून घ्यावें लागे.

बधिरता आली, हत्यारें सुधारलीं, तरी वेल पुन्हां उगवणें थांबेना. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर डॉम्ब्रेन यांनीं १९४८ सालीं एक पद्धति वर्णिली. तींत वेल काढून खालचा पांढरा भाग तसाच उघडा ठेवतात व त्वचा आपोआप भरून येऊं देतात. ही पद्धति सोपी व थोड्या वेळाची असल्यामुळें जगभर पसरली. परंतु पुढें निरनिराळ्या डॉक्टरांनीं आपले अनुभव नोंदविले, तेव्हां अशा रीतीनें काढलेली वेल शेंकडा २४ पासून ८९ पर्यंत रोग्यांत परत आल्याचें दिसलें. उघडी जागा भरून काढण्याच्या धडपडींत शेजारची त्वचा रक्तवाहिन्यांसह जोरानें वाढते आणि वेगाच्या भरांत पुन्हां कॉर्नियावर चढते. माळ्यानें गवत उपटून जमीन उघडी टाकली तर तेथें दुप्पट गवत माजतें. तेथें चांगलें रोप लावलें तर गवताला जागा राहत नाहीं.

तें ‘रोप’ लावण्याची पद्धति बॉस्टन येथील केनेथ केन्यन व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. त्याच डोळ्याच्या वरच्या बाजूची, पापणीखालीं झांकलेली निरोगी त्वचा पातळ काढून ती वेलीच्या रिकाम्या जागेवर बसवावयाची. ही त्वचा पापणीच्या सावलींत असल्यामुळें उन्हानें जीर्ण झालेली नसते, आणि स्वतःचीच असल्यामुळें शरीर तिला नाकारीत नाहीं. जेथून ती काढली ती जागा आपोआप भरून येते. केन्यन यांच्या ५७ डोळ्यांपैकीं पुष्कळांत वेल पूर्वीं काढून पुन्हां उगवलेली होती. तरीहि ती परत आली फक्त ३ डोळ्यांत. त्यानंतर हीच पद्धति सर्वत्र अधिक विश्वसनीय मानली गेली. प्रारंभीं हा तुकडा बारीक टांक्यांनीं शिवीत. टांके खुपतात व वेळहि फार घेतात, म्हणून २००४ च्या सुमारास फायब्रिन नांवाच्या, रक्तांतील गोठणाऱ्या द्रव्यापासून केलेल्या चिकट द्रवानें तो बसविण्याची रीत पुढें आली. २०१० मध्यें तर रोग्याच्या जखमेंत पाझरणाऱ्या स्वतःच्याच रक्तानें तो चिकटविण्याची पद्धति वर्णिली गेली. तींत द्रवाचा खर्च वांचत असल्यामुळें आपल्याकडील कित्येक डॉक्टर तिचा उपयोग करतात.

कांहीं डोळ्यांत मायटोमायसिन या औषधाचाहि उपयोग करतात. जपानांत १९६३ सालीं त्याची सुरुवात झाली. हें औषध मूळचें कर्करोगावरील असून वाढणाऱ्या पेशींना तें आवर घालतें. त्याचें प्रमाण व वेळ काटेकोर नसल्यास डोळ्याचा पांढरा भाग पातळ होऊन पुढें कित्येक वर्षांनीं संकट उद्भवूं शकतें. म्हणून तें कोणासाठीं योग्य, हें जाणत्या नेत्रतज्ज्ञानेंच ठरवावें.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. डोळा थेंबांनीं व बहुधा एका सुईनें बधिर करतात. रोगी जागा असतो, परंतु त्याला वेदना होत नाहींत. अर्ध्यापाऊण तासांत काम आटोपतें व त्याच दिवशीं घरीं येतां येतें. डोळ्यावर पट्टी असते. ती निघाल्यावर दोनतीन दिवस डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, पाणी वाहतें व उजेड सहन होत नाहीं. बसविलेला तुकडा आरंभीं सुजलेला व लाल दिसतो. कांहीं आठवड्यांत तो निवळतो. कॉर्नियाचा आकार सुधारत असल्यामुळें चष्म्याचा नवा नंबर लगेच काढूं नये. डॉक्टर सांगतील तेव्हांच काढावा.

यापुढील भाग मात्र रोग्याचा व घरच्या माणसांचा आहे. डोळा चोळावयाचा नाहीं. विशेषतः झोंपेंत हात जाऊं नये म्हणून रात्रीं संरक्षक झांकण लावावें. सांगितलेले दिवस डोक्यावरून स्नान, चुलीचा धूर, धूळ व पोहणें वर्ज्य करावें. थेंब घड्याळ पाहून घालावे व घालण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. हे थेंब बहुधा स्टेरॉइड जातीचे असतात व ते कांहीं आठवडे क्रमाक्रमानें कमी करीत न्यावयाचे असतात. डोळ्याची लाली उतरली म्हणून ते मध्येंच बंद करणें जितकें वाईट, तितकेंच, किंबहुना त्याहूनहि वाईट, म्हणजे ती जुनी चिठ्ठी दुकानांत दाखवून महिनोन्महिने तेच थेंब आणीत राहणें होय. स्टेरॉइडच्या थेंबांनीं कित्येकांच्या डोळ्यांतील दाब वाढतो, आणि तो दाब कांहींहि न दुखतां काचबिंदु निर्माण करून दृष्टि कायमची नेतो. वेलीपासून वांचविलेला डोळा थेंबांनीं गमावूं नये. तपासणीस बोलावलेल्या दिवशीं जाणें हें याकरितांच आवश्यक आहे. वेल परत यावयाची असली तर ती बहुतेक पहिल्या वर्षांतच येते, असें १९९४ सालच्या ऑस्ट्रेलियांतील अभ्यासांत आढळलें आहे. तेव्हां निदान वर्षभर डॉक्टरांची नजर डोळ्यावर असावी.

शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वीं डॉक्टरांना पुढील चार प्रश्न अवश्य विचारावे. विचारण्यांत संकोच नको. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. पहिला, वेल किती मिलिमीटर आंत आली आहे व आतांच काढण्याचें कारण काय? दुसरा, वेल काढल्यावर ती जागा उघडी ठेवणार कीं स्वतःची त्वचा बसविणार? तिसरा, काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयास पाठविणार काय? कारण वेलीसारखी दिसणारी प्रत्येक वाढ वेलच असते असें नाहीं. एकाएकीं जोरानें वाढणारी, पांढुरकी किंवा बुळबुळीत, अथवा नेहमींच्या जागीं नसलेली वाढ क्वचित् घातक जातीची निघते. आणि चौथा, थेंब किती दिवस व तपासणी केव्हां केव्हां? यांच्याबरोबर आपण होऊनहि एक गोष्ट सांगावी : घरांत कोणास काचबिंदु असेल किंवा स्वतःला असेल, तर ती लपवूं नये. काचबिंदूच्या पुढील शस्त्रक्रियेस डोळ्याची वरची त्वचा लागण्याचा संभव असतो. अशा वेळीं डॉक्टर तुकडा दुसऱ्या जागेवरून घेतात.

वेल येऊंच नये म्हणून करावयाचे उपाय अगदीं साधे आहेत. रुंद कांठाची टोपी किंवा छत्री वापरावी. फेटा व पदर डोक्याला सांवली देतात, डोळ्याला देत नाहींत. चष्मा कानशिलाकडून झांकणारा असावा, कारण ऊन त्याच बाजूनें शिरतें. कांचेचा काळा रंग म्हणजे संरक्षण नव्हे. अतिनील किरण अडविणारी कांच आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. अशी कांच रंगहीनहि असूं शकते. मुलांना लहानपणापासूनच ही संवय लावावी, कारण उन्हाचा हिशेब डोळा लहानपणापासून जमा करीत असतो.

सुशिक्षित घरांतील मंडळींचा दिवस बहुधा छपराखालीं जातो. त्यांच्यापैकीं थोड्यांनाच ही वेल होईल. परंतु आपल्याकडे भाजी घेऊन येणारी बाई, बागेंत काम करणारा गडी, गांवाकडील आपली शेती पाहणारें कुटुंब, यांच्या डोळ्यांकडे एकदां निरखून पाहावें. त्यांपैकीं एखाद्याच्या बुबुळावर ही पात चढलेली दिसली, तर त्यास एवढें अवश्य सांगावें कीं, हा पडदा म्हातारपणाचा भोग नव्हे, ही बरी होणारी गोष्ट आहे, आणि ती बाहुलीपर्यंत पोंचण्यापूर्वीं डॉक्टरला दाखविली पाहिजे. शक्य असल्यास त्याच्याबरोबर जावें व वरील चार प्रश्न त्याच्या वतीनें आपण विचारावे.